आधी बिल वसूल कर

काल रात्री तू पाठवलेला राजीनाम्याचा मसुदा वाचला. तीन परिच्छेद साहेबांबद्दल आणि धंद्याबद्दल जेमतेम एक ओळ. म्हणून लगेच लिहायला बसलो.

धाडस कर वगैरे सांगणार नाही, ते तुझ्यात आहेच. एवढंच विचारतो, पैसे कोणी दिलेत? 'मस्त कल्पना आहे, सुरू केलंस की कळव' म्हणणारे अठरा जण तू मोजलेस. ती गिऱ्हाइकं नव्हेत रे! ओळखीपाळखीचा नसलेला एक माणूस शोध, पूर्ण भावात काम करून दे आणि बिल वसूल कर. त्याआधी राजीनामा नाही.

मी उलटं केलं. रागाच्या भरात नोकरी सोडली. तिसऱ्याच आठवड्यात मोठी ऑर्डर आली आणि मला आभाळ ठेंगणं झालं. कराराच्या शेवटच्या पानावर नव्वद दिवसांची उधारी होती, ती मी वाचली होती, पण मनावर घेतली नव्हती. माल पोचवून, बिल मंजूर होऊन पैसे यायला पाच महिने गेले. कच्चा माल मात्र रोखीने, पगार दर महिन्याला. वहीत नफा, खात्यात खडखडाट. तुझ्या काकूच्या पगारातून मी दोन कामगारांचे पगार भागवले. तिने कधी बोलून दाखवलं नाही, मीही तिला आधी विचारलं नव्हतं. ते अजून सलतं.

नोकरी सांभाळून केलेला धंदा अर्धवट होतो, म्हणतोस? पुढे जिचं नाव 'नायकी' झालं ती बुटांची कंपनी १९६४ मध्ये सुरू झाली, आणि तिचा सहसंस्थापक फिल नाइट तिच्यात पूर्णवेळ आला १९६९ मध्ये. तोवर तो हिशेबनिसी आणि अध्यापन करत होता. तुझ्या नेमणुकीच्या करारात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय ते मात्र आधी वाच, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर यातलं काहीही करू नकोस.

'काका, तुम्ही कुठे थांबलात?' नाही थांबलो. तिथे आणखी एक दिवस बसणं मला शक्यच नव्हतं. नंतर परत बोलावलं तेव्हाही गेलो नाही, आणि त्याबद्दल मला आजही खंत नाही. पण माझ्या हट्टाची किंमत घरच्यांनी मोजली. म्हणून पुन्हा सांगतो, आधी वसुली.

रविवारी ये. मसुदा नको आणूस. कोणाला, कितीला आणि किती दिवसांच्या उधारीवर विकणार, ते कागदावर लिहून आण. निम्मे पैसे आगाऊ मागताना तुझी जीभ अडखळते ना, तो सराव आपण समोरासमोर बसून करू.