प्रोजेक्ट इम्पोर्ट होईना, प्लगइन दिसेना : वाचकांचे प्रश्न

यावेळच्या पत्रांत एक्लिप्स (जावाचा कोड लिहायचं सॉफ्टवेअर) आणि मेव्हन (जावा प्रोजेक्ट बिल्ड करायचं साधन) यांच्या तक्रारी इतक्या आल्यात की सगळी जागा त्यांनाच देतेय.

प्रश्न : मैत्रिणीने झिप करून दिलेला जावा प्रोजेक्ट एक्लिप्समध्ये घेतेय. फाइल, इम्पोर्ट, एक्झिस्टिंग प्रोजेक्ट्स इन्टू वर्कस्पेस असं केलं, फोल्डर निवडला, तर यादी रिकामी आणि वर ‘नो प्रोजेक्ट्स आर फाउंड टू इम्पोर्ट’. कोड तर सगळा फोल्डरमध्ये दिसतोय. माझं काय चुकतंय?

उत्तर : कोड आहेच हो, पण एक्लिप्स तिथे कोड शोधतच नाही. त्या पर्यायात तो फक्त ‘डॉट प्रोजेक्ट’ नावाची छोटीशी फाइल शोधतो, ती सापडली तर हा प्रोजेक्ट, नाहीतर नुसता फोल्डर. ही फाइल एक्लिप्स स्वतः बनवतो, प्रत्येकाच्या मशीनवर वेगळी होऊ शकते म्हणून बरेच जण ती गिटमध्ये (कोडच्या आवृत्त्या जपायचं साधन) टाकत नाहीत, आणि ते योग्यच आहे, पण मग कोड घेणाऱ्याला ती मिळत नाही.

आता फोल्डर उघडून बघा आत काय आहे. पॉम डॉट एक्सएमएल (मेव्हनची फाइल) असेल तर इम्पोर्टमध्ये मेव्हनखाली एक्झिस्टिंग मेव्हन प्रोजेक्ट्स निवडा, बिल्ड डॉट ग्रेडल (ग्रेडल हे मेव्हनसारखंच दुसरं साधन) असेल तर ग्रेडलवालं निवडा, एक्लिप्स लागतील त्या फायली आपणहून बनवेल. दोन्ही नसेल तर नवा जावा प्रोजेक्ट करून त्यात सोर्स कॉपी करायचा आणि जार (बाहेरच्या तयार कोडच्या फायली) हाताने बिल्ड पाथला, म्हणजे एक्लिप्स कोड शोधतो त्या यादीला, जोडायच्या, हे कंटाळवाणं आहे. डॉटने सुरू होणाऱ्या फायली बऱ्याच मशीनवर लपलेल्या असतात, त्यामुळे दिसली नाही म्हणजे नाहीच असं लगेच धरू नका. आणि झिप उघडल्यावर फोल्डरच्या आत परत त्याच नावाचा फोल्डर झालाय का तेही बघा, तसं असेल तर आतला निवडा.

कधी प्रोजेक्ट यादीत दिसतो पण करड्या रंगात, टिकच करता येत नाही, आणि एक्लिप्स म्हणतो हा आधीच वर्कस्पेसमध्ये आहे. तो फोल्डरचं नाव बघत नाही, डॉट प्रोजेक्ट फाइलच्या आत ‘नेम’ टॅगमध्ये लिहिलेलं नाव बघतो. म्हणून फोल्डरचं नाव बदलून काही होत नाही, आतलं बदला किंवा जुना प्रोजेक्ट वर्कस्पेसमधून काढा. काढताना मात्र हात जोडून सांगते, ‘डिलीट प्रोजेक्ट कन्टेन्ट्स ऑन डिस्क’ची टिक करू नका. ती केली की फायली डिस्कवरूनच जातात आणि अनडू नाही. मी एकदा घाईत ती टिक ठेवून ओके दाबलं आणि दोन दिवसांचं काम गेलं, कमिट केलेलं, म्हणजे गिटमध्ये साठवलेलं, नव्हतं.

प्रश्न : इम्पोर्ट चालू असताना नेट गेलं. आता नेट आहे, पण पॉमवर लाल फुली तशीच, म्हणतो जार मिळत नाही. एक्लिप्स पुन्हा टाकून पाहिला, तरी तेच.

उत्तर : एक्लिप्स परत टाकून हे जाणार नव्हतंच, कारण अडचण त्याच्यात नाहीच. मेव्हन जार तुमच्या होम फोल्डरमधल्या डॉट एमटू रिपॉझिटरीत ठेवतो, आणि जार मिळाली नाही तर ‘मिळाली नाही’ हेसुद्धा तिथे नोंदवून ठेवतो, त्या जारच्या फोल्डरात लास्टअपडेटेड अशा शेवटाची फाइल दिसेल. ती आहे तोवर ठरलेला वेळ जाईपर्यंत तो परत विचारायलाच जात नाही. प्रोजेक्टवर राइट क्लिक, मेव्हन, अपडेट प्रोजेक्ट, तिथे ‘फोर्स अपडेट’ची टिक करून ओके. (शॉर्टकट ऑल्ट एफ फाइव्ह.) कमांड लाइनवर हेच मेव्हनच्या कमांडला मायनस मोठा यू लावून होतं.

आणि एरर ‘इनव्हॅलिड एलओसी हेडर’ असा असेल तर जार अर्धवट उतरलीये, फक्त त्याच जारचा फोल्डर उडवा आणि परत अपडेट करा. पूर्ण रिपॉझिटरी उडवायचा सल्ला सगळीकडे मिळतो, मला तो पटत नाही, एका जारसाठी शेकडो जार परत उतरवत बसावं लागतं. पॉममध्ये एखादी रिपॉझिटरी साध्या एचटीटीपीने लिहिली असेल तर मेव्हन ३.८.१ पासून, म्हणजे २०२१ पासून, ती ब्लॉकच होते, तिथे एचटीटीपीएस करा.

प्रश्न : कमांड लाइनवर बिल्ड सक्सेस येतं, पण एक्लिप्समध्ये ‘प्लगइन एक्झिक्युशन नॉट कव्हर्ड बाय लाइफसायकल कॉन्फिगरेशन’. क्विक फिक्समध्ये इग्नोर आहे, ते करू का?

उत्तर : आधी कमांड लाइनवर चालवून बघितलंत हे फार छान केलंत, निम्मं उत्तर तिथेच मिळालं, प्रोजेक्ट ठीक आहे आणि प्रश्न एक्लिप्सचा आहे. एक्लिप्स प्रत्येक सेव्हला थोडं थोडं बिल्ड करतो, आणि पॉममधलं हे प्लगइन (मेव्हनला जोडलेला जादा कामाचा भाग) तेव्हा चालवायचं की नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नाही, एवढंच तो विचारतोय. प्लगइन नुसतं कोड तपासणारं किंवा रिपोर्ट काढणारं असेल तर खुशाल इग्नोर करा. पण ते कोड जनरेट करत असेल, म्हणजे एक्सएमएल स्कीमावरून क्लास बनवत असेल, तर इग्नोर केल्यावर ते क्लास एक्लिप्सला मिळणार नाहीत आणि एकाच्या जागी पन्नास लाल खुणा येतील. तिथे इग्नोरऐवजी एक्झिक्यूट द्या किंवा त्या प्लगइनचा कनेक्टर (ते एक्लिप्सला समजावून देणारा जोड) मिळतो का बघा.

प्रश्न : लॉम्बॉक (गेटर म्हणजे फील्डची किंमत देणाऱ्या मेथड आपोआप बनवणारी लायब्ररी) पॉममध्ये आहे, तरी एक्लिप्स गेटर सापडत नाही म्हणतो.

उत्तर : पॉममधलं लॉम्बॉक मेव्हनसाठी. एक्लिप्ससाठी लॉम्बॉकची जार जावा मायनस जारने चालवा, विंडो उघडेल, एक्लिप्सचा फोल्डर दाखवा, इन्स्टॉल करा आणि एक्लिप्स पूर्ण बंद करून उघडा.

प्रश्न : एक्लिप्सच्या एका प्लगइनची जार एक्लिप्सच्या ड्रॉपइन्स फोल्डरमध्ये टाकली, रिस्टार्ट केलं, मेनूत काहीच नाही, एररही नाही. मशीनवर जावा १७ आहे, पण एक्लिप्स जुना आहे.

उत्तर : ड्रॉपइन्सचा हाच त्रास आहे, प्लगइनला लागणारं काही मिळालं नाही तर एक्लिप्स ते गुपचूप सोडून देतो. शक्य असेल तर हेल्पमधल्या इन्स्टॉल न्यू सॉफ्टवेअरमधून टाका, तिथे जमलं नाही तर निदान काय कमी आहे ते लिहून तरी येतं.

दुसरं म्हणजे एक्लिप्स ज्या जावावर चालतो ती आणि तुमचा प्रोजेक्ट ज्या जावावर कंपाइल होतो ती, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रोजेक्टला १७ दिलंत म्हणून एक्लिप्स १७ वर चालत नाही. हेल्प, अबाउट, इन्स्टॉलेशन डिटेल्स, कॉन्फिगरेशन इथे जावा डॉट व्हर्जन शोधा. तिथे ८ असेल आणि प्लगइन १७ साठी बनलेलं असेल तर लॉगमध्ये ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ आणि ६१ आकडा दिसेल. ५२ म्हणजे जावा ८, ५५ म्हणजे ११, ६१ म्हणजे १७.

जावा बदलायची तर एक्लिप्स डॉट आयएनआयमध्ये मायनस व्हीएम एका ओळीवर, पाथ त्याच्या पुढच्या ओळीवर, आणि दोन्ही मायनस व्हीएमआर्ग्सच्या वर हवं, एकाच ओळीत लिहिलं किंवा खाली लिहिलं तर चालत नाही. मग एकदा मायनस क्लीन लावून सुरू करा. तरीही मेनू दिसला नाही तर वर्कस्पेसमधल्या डॉट मेटाडेटा फोल्डरात डॉट लॉग फाइल आहे, ती खालून वर वाचत जा आणि प्लगइनचं नाव असलेल्या ओळीखालचं ‘कॉज्ड बाय’ मला पुढच्या पत्रात जसंच्या तसं लिहून पाठवा, स्क्रीनचा अर्धा फोटो नको.