पाऊस तर धो धो पडतो, मग दार्जिलिंगचा चहा सुकतो कसा?

प्रश्न: दार्जिलिंगला एवढा पाऊस पडतो, तरी मळेवाले दरवर्षी दुष्काळ दुष्काळ करतात. हे काय गौडबंगाल आहे?

अहो, मेख तिथेच आहे. वर्षाचा आकडा बघून काही कळत नाही, पाऊस कधी पडला ते बघायचं. तिथला बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये कोसळतो, पण सगळ्यात नावाजलेला चहा, तो फर्स्ट फ्लश, म्हणजे हंगामातली पहिली खुडणी, खुडायला घेतात फेब्रुवारीअखेरीपासून एप्रिलपर्यंत, म्हणजे त्याला पाणी पाहिजे हिवाळ्यात. थंडीभर झोपलेलं झुडूप दोन-चार हलक्या सरींवर जागं होतं. त्या सरीच आल्या नाहीत तर कोंब वाढता वाढता थांबतो, टोकाला कळी फुगायच्या ऐवजी बारीक टाचणीएवढी होऊन बसते. मळ्यात त्याला बांझी म्हणतात, आपलाच वांझ शब्द. दोन पानं आणि एक कळी खुडायची तर कळी नको का?

त्यात कोरड्या हवेत लाल कोळी बोकाळतो. पानाचा रस शोषतो आणि हिरवं पान तांब्याच्या जुन्या भांड्यासारखं दिसायला लागतं. आणि मग जूनमध्ये एकदम धुवांधार. उतारावर पाणी मुरायला वेळच मिळत नाही, मातीचा वरचा चांगला थर घेऊन खाली जातं. थोडक्यात काय, पाहिजे तेव्हा थेंब नाही आणि नको तेव्हा पूर.

प्रश्न: ऊन वाढलं तर झाड उलट जोमाने वाढेल, पानं जास्त मिळतील. मग तोटा कसला?

पानं मिळतील हो, पण चव? डोंगरावरच्या चहाची सगळी गंमत हळू वाढण्यात आहे. थंड रात्री, धुकं, कोंब रडतखडत वाढतो म्हणून पानात सुगंधाचा अर्क साठतो. भराभर वाढलेलं पान पाणचट लागतं, पावसाळी खुडणीचा चहा स्वस्त जातो तो उगाच नाही.

मला तर सेकंड फ्लशची, म्हणजे दुसऱ्या खुडणीची, गोष्ट सगळ्यात भारी वाटते. मे-जूनमधला हा चहा द्राक्षासारख्या वासासाठी प्रसिद्ध आहे, मस्कॅटेल म्हणतात त्याला, आणि त्या वासात मोठा हात आहे तुडतुड्यांचा! हो, आपले शेतकरी ज्यांना शिव्या घालतात त्याच जातकुळीतले हिरवे तुडतुडे. ते कोवळ्या पानाचा रस शोषतात, झाड बचावासाठी वासाची रसायनं तयार करतं, पानाच्या कडा करपतात, आणि तेच पान कारखान्यात गेलं की तो वास उतरतो. आता हा खेळ जमायला पावसाआधीची थोडी कोरडी हवा लागते. जोराचा पाऊस लवकर आला की तुडतुडे धुऊन जातात, कोंब सुसाट सुटतात आणि मस्कॅटेलचे ते मोजके दिवस आणखी मोजके होतात.

प्रश्न: मग मळे आणखी उंचावर न्यावेत, किंवा नवीन जातीची रोपं लावावीत. सोपं नाही का?

डोंगराला टोक असतं की राव. दार्जिलिंगचे मळे आत्ताच साधारण २००० मीटरपर्यंत पोचलेत, त्याच्या वर जंगल आहे, ते तोडायचं का?

नवीन रोपांचा उपाय खरा, पण त्यातही गोम आहे. तिथली कितीतरी झुडपं शंभर वर्षांच्या वरची, बियांपासून वाढलेली. त्यांचं सोटमूळ खोल गेलेलं असतं, वरची माती सुकली तरी ते खालून पाणी ओढतं. नवीन लागवड बहुतेक फाट्याच्या कलमांची, म्हणजे फांदीचा तुकडा रुजवून केलेल्या रोपांची, चवीला छान, त्यातली एव्ही-२ ही जात तर खास नावाजलेली, पण कलमाला सोटमूळ नसतं, मुळं वरवर पसरतात, त्यामुळे कोरड्या वर्षात आधी माना टाकतात तीच. शिवाय जुनी झुडपं उपटून, जमिनीला विश्रांती म्हणून दीड-दोन वर्षं गवत लावून, मग रोपं लावली की धड उत्पन्नाला आणखी चार-पाच वर्षं. तोपर्यंत मजुरांचे पगार कुठून द्यायचे हे मळेवाल्याला विचारा. माझं मत विचाराल तर एकदम सगळं उपटू नये, तुकड्या-तुकड्यानेच बदलावं आणि जिथे जमेल तिथे पावसाचं पाणी अडवायची तळी आधी करावीत.

प्रश्न: तापमान वाढतंय, निदान निलगिरीतल्या चहाला दहिवराचा, म्हणजे गोठलेल्या दवाचा, त्रास तरी कमी होईल ना?

तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. दहिवर वर्षाच्या सरासरीवर पडत नाही, एका रात्रीवर पडतं. डिसेंबर-जानेवारीत आभाळ निरभ्र, वारा पडलेला, की गार हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि खोलगट भागातल्या झुडपांवर बसते. सकाळी सगळं पांढरंशुभ्र, फोटोला मस्त. दोन-तीन दिवसांनी तेच पान चुरगळून बघा, हातात तपकिरी भुगा येतो.