बेळगावात भाड्याच्या घरात राहतो, मुलगा दोन वर्षांचा आहे. बाथरूममध्ये काय बदल करावेत?

सगळ्यात आधी पाण्याची पिंपं आणि बादल्या बघा. रोज नळ येत नाही तिथे पाणी साठवावंच लागतं, पण या वयात मुलाचं डोकं जड असतं; आत वाकलं की स्वतःहून बाहेर येत नाही. बुडायला चार-पाच सेंटिमीटर पाणीही पुरतं. पिंपाला घट्ट झाकण हवं, बादली वापरून झाली की पालथी घाला. दाराला बाहेरून उंचावर कडी लावा, आतली काढून टाका. मालकांना विचारा, एवढ्याला नाही म्हणणार नाहीत.

गिझर ५० अंशांच्या आत ठेवा. ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. बादलीत गार पाणी आधी, गरम नंतर. बंब असेल तर मुलाला जवळ फिरकू देऊ नका. पावसाळ्यात शहाबादी फरशीवर शेवाळ धरतं, ती घासत राहा.