'द लो एंड थिअरी' मोबाइलवर रिकामा का वाटतो?

'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या न्यूयॉर्कच्या हिप हॉप गटाचा दुसरा स्टुडिओ अल्बम, 'द लो एंड थिअरी', मोबाइलच्या स्पीकरवर दोनदा ऐकला, शेवटचे गाणे सोडल्यास सगळा रिकामा वाटला, मग लोक त्याला एवढे का मानतात, असे तुम्ही विचारले आहे. तुमच्या कानांची यात चूक नाही. मी तो पहिल्यांदा ठाण्याहून ऐरोलीला कामावर जाताना लोकलच्या खडखडाटात, साध्या इअरफोनवर ऐकला होता आणि माझेही मत अगदी हेच झाले होते.

नावातला 'लो एंड' म्हणजे ध्वनीची खालची बाजू, आपण ज्याला खर्ज म्हणतो ती. डबल बेसची सर्वांत खालची तार सुमारे 41 हर्ट्झला बोलते आणि मोबाइलच्या एवढ्याशा स्पीकरमधून तो स्वर बाहेर पडूच शकत नाही. मी लहानपणी नौपाड्यात तबला शिकत असे. भजनाच्या कार्यक्रमात लाउडस्पीकर खराब असला की डग्ग्याची घुमक नाहीशी होऊन फक्त चाटेवरची टिकटिक ऐकू येते; ठेका तोच असतो, पण त्याचे वजन निघून जाते. तुमच्या बाबतीत नेमके हेच झाले आहे, आणि या अल्बममध्ये वजन हीच मुख्य गोष्ट आहे.

पहिलेच गाणे, 'एक्सकर्शन्स', चांगल्या हेडफोनवर रात्री घर शांत असताना ऐका. सुरुवातीला फक्त बेस आहे, ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या जॅझ वृंदाच्या एका ध्वनिमुद्रणातून घेतलेला. त्याच्यावर गटाचा मुख्य रॅपर क्यू-टिप बोलू लागतो, आणि ड्रम बऱ्याच ओळींनंतर येतात. म्हणजे ड्रम येईपर्यंत ताल सांभाळण्याची सगळी जबाबदारी बेसवर आणि शब्दांवर आहे. त्याच ओळींत तो सांगतो की, हिप हॉप ऐकून आपल्या वडिलांना बीबॉपची, म्हणजे जॅझच्या एका जुन्या शैलीची, आठवण होत असे. वडिलांच्या पिढीचे संगीत आणि मुलाचे संगीत यांचे नाते तो नुसते सांगत नाही, तर ते सांगताना त्याच्या पायाखाली ब्लेकी यांच्या वृंदाचा बेस वाजत असतो; मला या अल्बममधली सर्वांत सुंदर जागा हीच वाटते.

पाचव्या गाण्यात, 'व्हर्सेस फ्रॉम द ॲब्स्ट्रॅक्ट'मध्ये, त्यांनी जुन्या तबकडीचा तुकडा घेऊन न थांबता प्रत्यक्ष रॉन कार्टर यांनाच डबल बेस वाजवायला बोलावले. साठच्या दशकात माइल्स डेव्हिस यांच्या पंचकात वाजवलेला हा वादक विशीतल्या मुलांसोबत स्टुडिओत आला. ध्वनिमुद्रणाची बाजू बॉब पॉवर यांनी सांभाळली, आणि जुन्या तबकड्यांतून उचललेले तुकडे इतके स्वच्छ, एकमेकांना न झाकता ऐकू येतात याचे पुष्कळ श्रेय त्यांना आहे. तुम्हाला जी पोकळी वाटली, ती त्यांनी जाणीवपूर्वक राखलेली मोकळी जागा आहे.

पहिल्या अल्बमपासून, म्हणजे 1990 पासून, झालेला दुसरा मोठा बदल गटातला दुसरा रॅपर फाइफ डॉग याचा. तिथे तो मोजक्याच गाण्यांत होता. 24 सप्टेंबर 1991 ला आलेल्या या अल्बममध्ये मात्र दुसरे गाणे, 'बगिन आउट', तोच सुरू करतो, आणि 'चेक द ऱ्हाइम'मध्ये तो व क्यू-टिप एकमेकांना हाका देत, सवालजवाबासारखे बोलतात. क्यू-टिपचा आवाज मऊ, नाकातला. फाइफचा उंच आणि ठसठशीत. फाइफ 2016 मध्ये मधुमेहाच्या गुंतागुंतीमुळे वारला, त्यामुळे ही देवाणघेवाण ऐकताना माझा जीव आता थोडा कासावीस होतो.

सगळेच उत्तम आहे असे मी म्हणणार नाही. 'द इन्फेमस डेट रेप'चा विषय गंभीर आहे, पण त्यातल्या काही ओळींत स्त्रीकडे पाहण्याची दृष्टी मला आजही खटकते, आणि ते गाणे मी सहसा वगळतो.

शेवटचे 'सिनारिओ' तुम्हाला मोबाइलवरही का आवडले, याचे कारणही यातच आहे. त्यात 'लीडर्स ऑफ द न्यू स्कूल' हा दुसरा गट येऊन मिळतो, माणसामागून माणूस ओरडत पुढे येतो आणि अखेरीस त्या गटातला तरुण बस्टा ऱ्हाइम्स अक्षरशः गर्जना करतो. माणसांच्या आवाजाचा बराचसा भाग मोबाइलच्या स्पीकरला पेलतो, त्यामुळे या गाण्याचे फारसे काही हरवत नाही. ते तुम्हाला पुरेसे ऐकू आले आहे. उरलेली तेरा गाणी अजून ऐकायची आहेत.