खेड्यातल्या डॉक्टरला संशोधनाचा पुरस्कार?

प्रश्न : मुलगी परळीजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. आरोग्य संशोधनाचे राष्ट्रीय पुरस्कार मोठ्या संस्थांतल्यांनाच मिळतात, असं ती म्हणते. खरंय का? – एक आई, बीड जिल्हा

उत्तर : ताई, बऱ्याच अंशी खरंय. निधी, प्रयोगशाळा, माणसं सगळं तिकडेच. पण आपल्या भोकरदन तालुक्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बघा. महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात लाल विंचू चावलेले रुग्ण यायचे : दरदरून घाम, हातपाय गार, पुढे फुफ्फुसात पाणी. त्यांनी उशाशी बसून एकेकाच्या नोंदी ठेवल्या. पुढे रक्तदाबाच्या प्राझोसिन या औषधाने मृत्यू कमी होतात हे दाखवलं. १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं लिखाण छापलं. पद्मश्री मिळाली २०२२ साली! आपल्याकडे दखल घ्यायला एवढा वेळ लागतोच म्हणा.

राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत वैद्यकशास्त्र आहे; त्यातल्या तरुण शास्त्रज्ञांच्या ‘विज्ञान युवा’ पुरस्कारासाठी वयाची मर्यादा ४५. पण पुरस्काराचा अर्ज नंतर. आधी लेकीला अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात एखादा मार्गदर्शक गाठू द्या आणि रुग्णांवरचा अभ्यास तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी घेऊनच अभ्यास सुरू करू द्या. मंजुरी मागाहून मिळत नाही.