फेलोशिप परवडेल, जामीनकी परवडणार नाही

प्रश्न : मी ३७ वर्षांचा रेडिओलॉजिस्ट, खासगी रुग्णालयात नोकरी, कर जाऊन महिना २.६ लाख हातात. कॅनडातल्या एका विद्यापीठाच्या रुग्णालयात ॲब्डॉमिनल इमेजिंगच्या (पोटातल्या अवयवांचे स्कॅन वाचण्याच्या) एक वर्षाच्या फेलोशिपला अर्ज करायचा आहे. स्टायपेंड ७५ हजार कॅनेडियन डॉलर. पत्नी शिक्षिका (पगार ४५ हजार), मुलगी पाच वर्षांची. दोघींना सोबत नेणार. घरखर्च १.२ लाख. गृहकर्ज ३८ लाख, हप्ता ४२ हजार. म्युच्युअल फंडात १४ लाख, एफडी ६ लाख. वर्षाला ३ लाख हप्त्याची एक पॉलिसी आहे, दोन हप्ते भरलेत. शिवाय दोन फिजिशियन मित्रांच्या सीटी-सोनोग्राफी सेंटरमध्ये मी २० टक्के भागीदार आहे. पैसे घातलेले नाहीत, फक्त मशीनच्या १.८ कोटींच्या कर्जाला गॅरंटर म्हणून सही केली आहे. रोज संध्याकाळी तिथे बसतो, त्याचे ४० हजार मिळतात. तिकडे गेल्यावरही ते चालू राहतील. खर्चासाठी फंड मोडू की शैक्षणिक कर्ज काढू?

उत्तर : डॉक्टर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत संपतं. शैक्षणिक कर्ज काढू नका. स्टायपेंड मिळणाऱ्या वर्षासाठी व्याज कशाला भरायचं? कागदपत्रांची पडताळणी, लायसन्स, व्हिसा, तिघांची तिकिटं, घराचं डिपॉझिट आणि पहिला महिना, असे सगळे मिळून ८ लाख धरा. एफडीतले ६ आणि फंडातले २. झालं.

तिकडचा हिशेबही फार लांबवण्यासारखा नाही. ७५ हजार डॉलरांतून कर आणि सक्तीच्या कपाती गेल्या की ५५ हजारांच्या आसपास उरतील. मोठ्या शहरात लहानशा घराचं भाडं वर्षाला ३० हजार, बाकी संसार २० ते २२ हजार. म्हणजे तिघं कसंबसं निभावाल, शिल्लक पडणार नाही, आणि इकडचा गृहकर्जाचा हप्ता (वर्षाचे ५ लाख) फंडातूनच जाईल. पत्नी तिथे नोकरी करेल हे गृहीत धरू नका. जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या ओपन वर्क परमिटचे नियम कॅनडाने चांगलेच आवळले आहेत. दोघी इथेच राहिल्या तर पत्नीच्या पगारात हप्ता जवळपास भागतो. तो निर्णय घरचा आहे, मी त्यात पडत नाही.

वर्षभराचा दोघांचा बुडालेला पगार ३७ लाख, वाचलेला इथला घरखर्च १४ लाख, वरचे ८ लाख. फेलोशिप तुम्हाला साधारण ३० लाखांना पडते. परत आल्यावर पगार दुप्पट होईल असं तुम्ही पत्रात दुसरीकडे लिहिलं आहे. का होईल? तुमची एम.डी. तीच राहते, तिथल्या फेलोशिपने कॅनडात स्वतंत्र प्रॅक्टिसचा परवाना मिळत नाही, आणि इथलं रुग्णालय तुम्हाला वाचलेल्या स्कॅनच्या संख्येवर पगार देतं, भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर नाही. लिव्हर आणि पॅनक्रियाजच्या एमआरआयमधला हात खरोखर सुधारला तर हातात महिना ६० हजार जास्त येतील असं धरा. वर्षाचे ७ लाख झाले, साडेचार वर्षांत पैसे फिटले. ३७ व्या वर्षी हा सौदा चांगला आहे. अर्ज करा.

आता पत्रातल्या ‘फक्त’ या शब्दाकडे येतो.

१.८ कोटींना फक्त सही. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ : करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच. तुमचा हिस्सा २० टक्के म्हणून जबाबदारी ३६ लाखांची, असा तुमचा समज दिसतो. तसं नाही. हप्ते थकले तर बँक पूर्ण रकमेसाठी थेट तुमच्याकडे येऊ शकते. आधी मित्रांच्या मागे लागायचं बंधन तिच्यावर नाही. त्यातून ही भागीदारी संस्था आहे. भागीदारी कायदा १९३२ प्रमाणे फर्मच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकेकटा आणि मिळून, दोन्ही तऱ्हांनी बांधलेला असतो. म्हणजे तुम्ही दोन दोरांनी बांधलेले आहात, आणि जवळ शिल्लक आहे २० लाख.

यावर तुम्ही म्हणाल, सेंटर तर चांगलं चाललंय. चाललंय, कारण संध्याकाळी तुम्ही तिथे असता. दोघे मित्र फिजिशियन, रिपोर्टखाली सही तुमची. १.८ कोटी, सात वर्षं, साडेदहा टक्के म्हणजे हप्ता महिना ३ लाखांच्या घरात. तुमच्या जागी संध्याकाळपुरता रेडिओलॉजिस्ट आणायचा तर दीड लाख धरा. तुम्ही घेता ४० हजार. हा १.१ लाखाचा फरक आजवर सेंटरला तुम्ही दर महिन्याला देत आलात. ज्याला तुम्ही नफ्यातला वाटा समजता, ती स्वस्तात दिलेली मजुरी आहे. आणि पैसे घातले नाहीत म्हणता ते अशा रीतीने घालून झालेत.

बरं, माणूस मिळायलाही हवा. पीसीपीएनडीटीच्या, म्हणजे गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याच्या नियमांत २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरची नोंदणी एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांवर होते. जिल्ह्याच्या ठिकाणी संध्याकाळी मोकळा असलेला, आणि दुसरी जागा शिल्लक असलेला रेडिओलॉजिस्ट शोधा, मग कळेल. तोवर सोनोग्राफीची खोली बंद. तिकडून रात्री रिपोर्टिंग करेन, हाही बेत सोडा. फेलोचं वर्क परमिट आणि लायसन्स नेमून दिलेल्या कामापुरतं असतं, ऑन-कॉल वेगळा, आणि सीटीच्या प्रतिमा दूर बसून वाचता आल्या तरी सोनोग्राफीचा प्रोब पेशंटच्या पोटावर कोणीतरी धरावाच लागतो.

थोडक्यात, तुम्ही विमानात बसलात की सेंटरची आवक घटते, खर्च वाढतो आणि थकबाकीची शक्यता तुमच्याच जाण्याने वाढते. त्याच थकबाकीला तुम्ही जामीन आहात. आणि ४० हजार ‘चालू राहतील’ म्हणता!

मग काय करायचं? मित्रांशी बोला, पण ‘आम्ही बघून घेऊ’वर उठू नका. त्यांनी बँकेला दुसरा जामीनदार किंवा जादा तारण द्यावं आणि बँकेने तुम्हाला जामीनकीतून मोकळं केल्याचं पत्र द्यावं. बदल्यात २० टक्के हिस्सा सोडावा लागला तर हसत सोडा. भागीदारीतून निवृत्त झाल्याचा करार करून जाहीर नोटीसही द्या. नोटीस नसेल तर निवृत्तीनंतरच्या व्यवहारांतही लोक तुम्हाला भागीदार धरून चालू शकतात. मात्र नुसत्या निवृत्तीने जामीनकी सुटत नाही, बँकेचं पत्र वेगळं. बँक नाहीच म्हणाली तर निदान जामीनकीची रक्कम ३६ लाखांवर मर्यादित करून मागा. तेही नाही झालं तर फेलोशिपचा होकार कळवू नका.

घाई नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. कॅनडातल्या बहुतेक फेलोशिप जुलैत सुरू होतात आणि अर्ज वर्ष-दीड वर्ष आधी जातात. तेवढ्यात हे उरकतं.

पॉलिसीबद्दल. कर्ज मंजूर होताना बँकेतल्या साहेबांनी ‘सोबत घ्यावीच लागते’ म्हणून गळ्यात मारली, असं तुम्ही लिहिलंय. असा नियम नाही. दहा वर्षांत ३० लाख भरा, विसाव्या वर्षी ६० लाख घ्या. ‘हमखास दुप्पट’ ऐकायला गोड, हिशेबाने वर्षाला साडेचार टक्के. तुमच्या गृहकर्जाचं व्याज त्याच्या जवळपास दुप्पट असेल. आणि विमा किती? ३० लाख. ज्याच्या डोक्यावर ३८ लाखांचं घर आणि १.८ कोटींची जामीनकी आहे त्याला! तिसरा हप्ता भरण्याआधी कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा : आज सरेंडर केली (मोडली) तर किती, आणि पेड-अप ठेवली (पुढचे हप्ते न भरता तशीच राहू दिली) तर मुदतीअखेर किती. भरलेल्या ६ लाखांतला मोठा भाग जाईल. रडू येईल, पण उरलेले २४ लाख वाचतील.

टर्म प्लॅन (मृत्यू झाला तरच पैसे देणारा विमा) मात्र आधी घ्या, पॉलिसी नंतर मोडा. २ कोटींचा साधा टर्म प्लॅन घ्या, इथे असतानाच, परदेशी जाण्याचा बेत प्रस्तावात स्पष्ट लिहून. प्रस्ताव भरतानाच तो विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली पत्नी आणि मुलीच्या नावे करा. नंतर तसं करता येत नाही. जामीनदार गेला तरी त्याच्या मालमत्तेवर बँकेचा दावा राहतो, पण या कायद्याखालच्या विम्याचे पैसे सहसा त्या मालमत्तेत धरले जात नाहीत. तुमच्या बाबतीत ही एक खूण लाखमोलाची आहे, आणि एजंट ती आपणहून सांगत नाहीत.

करांचं एवढंच : जुलैत गेलात तर त्या आर्थिक वर्षात तुम्ही अनिवासी ठराल, बचत खातं एनआरओ (अनिवासींचं रुपयातलं खातं) करून घ्या. पुढच्या जुलैत परतलात तर ते वर्ष निवासी, म्हणजे एप्रिल ते जूनचा तिकडचा स्टायपेंडही इथल्या विवरणपत्रात दाखवायचा आणि तिथे भरलेल्या कराची वजावट मागायची. सीएला आत्ताच सांगून ठेवा.

या आठवड्यात बँकेकडून जामीनकीच्या कराराची प्रत मागवा आणि रकमेची मर्यादा कुठे लिहिली आहे ते पाहा. नवीन कर्जंही त्यात धरली आहेत का, हेही वाचा. तसं असेल तर मित्रांनी उद्या एमआरआय घेतला तरी जामीन तुम्हीच. पुढच्या कर्जांसाठी जामीनकी मागे घेतल्याची नोटीस कलम १३० खाली देता येते. ती वकिलाकडून लिहून घ्या आणि पोचपावती जपून ठेवा.