कालचा प्रचारप्रमुख, आजचा न्यायमूर्ती

‘एकच माणूस वकील, आमदार आणि न्यायाधीश! जुन्या अमेरिकेत हे खपायचं कसं? निःपक्षपातीपणाचं काय?’ असं तुम्ही विचारलंय. यावर मला डेव्हिड डेव्हिस आठवतो.

जन्म 1815 चा, मेरीलँडचा. इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनला वकिली थाटली, विधानसभेत एकदा जाऊन आला आणि 1848 मध्ये आठव्या सर्किटचा न्यायाधीश झाला, तोही लोकांच्या मतांवर निवडून. सर्किट म्हणजे खरोखरच फिरतं कोर्ट. वसंतात आणि शरदात न्यायाधीश नि वकील घोडागाड्यांतून गावोगाव जायचे. मुक्कामाला एकेका खाटेवर दोघं-दोघं वकील. डेव्हिसला मात्र आख्खी खाट, कारण गडी सव्वाशे किलोच्या वरचा! याच ताफ्यात पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला वकील अब्राहम लिंकन. डेव्हिसला काही काम निघालं की तो सरळ लिंकनला आपल्या खुर्चीत बसवून जायचा. आज कुणी असं करून बघावं!

1860 मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या शिकागोच्या अधिवेशनात लिंकनच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी मोर्चेबांधणी केली ती या न्यायाधीशानंच. 1862 मध्ये लिंकननं त्याला सुप्रीम कोर्टावर नेमलं. हा वशिला होता, त्यात सोवळं काही नाही.

पण पुढे 1866 चा मिलिगन खटला बघा. इंडियानातल्या या नागरिकाला यादवी युद्धाच्या काळात लष्करी आयोगानं फाशी सुनावली होती. साधी कोर्टं चालू असताना नागरिकावर लष्करानं खटला चालवायचा नाही, राज्यघटना युद्धातही तीच, असा निकाल डेव्हिसनं लिहिला. लिंकनच्याच सरकारच्या कारभारावर!

खरी गंमत 1877 ची. निवडणुकीचा निकाल वादात अडकलेला; रिपब्लिकन हेज की डेमोक्रॅट टिल्डन, अध्यक्ष कोण, हे ठरवायला 15 जणांचा आयोग नेमायचा होता. सात इकडचे, सात तिकडचे आणि पंधरावा कुणाचाच नसलेला डेव्हिस, असं सगळे धरून चालले होते. नेमकं तेव्हाच इलिनॉयच्या विधिमंडळात टिल्डनच्या डेमोक्रॅट्सनी जोर लावून त्याला सिनेटवर निवडून दिलं. तो आयोगातून बाजूला झाला, जागी रिपब्लिकन न्यायमूर्ती ब्रॅडली आले आणि आयोगात हेज 8 विरुद्ध 7 मतांनी जिंकला. डेमोक्रॅट्सनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

1881 मध्ये राष्ट्राध्यक्ष गारफिल्डच्या हत्येनंतर उपाध्यक्ष आर्थर अध्यक्ष झाला, उपाध्यक्षपद रिकामं. सिनेटमध्ये दोन्ही पक्ष जवळपास तुल्यबळ. सिनेटचा हंगामी अध्यक्ष म्हणून पुन्हा कुणाचाच नसलेला डेव्हिसच सापडला. तेव्हाच्या कायद्यानं आर्थरनंतर राष्ट्राध्यक्षपदाचा पहिला हक्क त्याचाच होता.